फ्लॉपीच्या एका ट्रॅकवर १२,५०० बाइट मावतात, मग हातात ९,२१६च का येतात?

शून्यमार्ग (धागाकर्ता)

सध्या जुन्या फ्लॉपी वाचून त्यांच्या प्रती काढून ठेवायचं काम चालू आहे, त्या निमित्ताने ट्रॅकच्या आत नेमकं काय काय असतं हे मुळापासून समजून घेतलं आणि इतकं आवडलं की इथे लिहिल्याशिवाय राहवेना. ज्यांना यातलं आणखी माहीत आहे त्यांनी भर घालावी.

३.५ इंची एचडी (हाय डेन्सिटी) फ्लॉपीचं गणित आपल्याला पाठ असतं. ८० ट्रॅक, २ बाजू, एका ट्रॅकवर १८ सेक्टर, एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. यालाच १.४४ एमबी म्हणायचे, तो आकडा १४४० केबीला १००० ने भागून आलाय, म्हणजे एकदा १०२४ आणि एकदा १००० अशी सरमिसळ आहे, पण तो वाद इथे नको.

आता हेच गणित दुसऱ्या टोकाने करून बघा. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे मारतो म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) सेकंदाला ५ लाख बिट लिहितो. म्हणजे एका फेऱ्यात १ लाख बिट, ८ ने भागलं की १२,५०० बाइट. आणि वापरायला मिळतात १८ गुणिले ५१२ म्हणजे ९,२१६. उरलेले ३,२८४ बाइट, म्हणजे पाव ट्रॅकपेक्षाही जास्त जागा, कुठे जाते?

ती जागा जाते आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी. तबकडीवर सेक्टरच्या कुठल्याही खुणा नसतात. एका फेऱ्यात एकदा इंडेक्स पल्स मिळतो, फेरा सुरू झाला एवढंच तो सांगतो, बाकी सगळं ट्रॅकवरच लिहून ठेवावं लागतं. पीसीने जी मांडणी घेतली ती मुळात आयबीएमच्या सिस्टिम ३४ ची, आणि ती अशी.

इंडेक्स पल्सनंतर ८० बाइट नुसतं भरताड (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलं तर, ४ई), मग १२ बाइट शून्यं, मग ट्रॅक सुरू झाल्याची खूण ४ बाइट, मग परत ५० बाइट भरताड. झाले १४६.

त्यानंतर सेक्टर. प्रत्येक सेक्टरचे दोन वेगळे तुकडे असतात, पत्ता आणि माल. पत्त्याच्या तुकड्यात १२ बाइट शून्यं, ए१ हा खास बाइट तीनदा, एफई (पत्ता आला ही खूण; हे आकडेही हेक्समधलेच), मग चार बाइट पत्ता: कितवा ट्रॅक, कुठली बाजू, कितवा सेक्टर आणि सेक्टरचा आकार किती. आकार थेट लिहीत नाहीत, ० म्हणजे १२८ बाइट, १ म्हणजे २५६, २ म्हणजे ५१२ असं. शेवटी दोन बाइट सीआरसी (आधीचे बाइट बरोबर वाचले का ते तपासायचा आकडा). मग २२ बाइट मोकळी जागा. मग मालाचा तुकडा: पुन्हा १२ शून्यं, तीनदा ए१, एफबी (माल आला ही खूण), आपले ५१२ बाइट, दोन बाइट सीआरसी. आणि शेवटी १०८ बाइट मोकळी जागा, पुढच्या सेक्टरपर्यंत.

बेरीज केली तर एका सेक्टरला ६८२ बाइट लागतात. १८ सेक्टरचे १२,२७६, सुरुवातीचे १४६ धरून १२,४२२. ट्रॅकच्या शेपटीला ७८ बाइट उरतात, तिथेही भरताडच.

माझ्या मते या सगळ्या मांडणीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे पत्ता आणि माल वेगळे ठेवणं. पत्ता फक्त फॉरमॅट करताना लिहिला जातो, नंतर कितीही वेळा फाइल सेव्ह करा, त्याला कोणी हात लावत नाही. बदलतो तो फक्त मालाचा तुकडा.

---

निळीशाई

छान लिहिलंय, वाचतेय. दोन शंका आहेत. ट्रॅक म्हणजे सीडीसारखी एकच लांब गुंडाळत गेलेली रेघ असते का, की वेगवेगळी वर्तुळं? आणि ही वर्तुळं कारखान्यातच आखलेली असतात की फॉरमॅट केल्यावर तयार होतात?

---

शून्यमार्ग

निळीशाई, वेगवेगळी वर्तुळं, एकात एक. सीडीवर सलग एकच सर्पिल असतं आणि ते आतून बाहेर जातं, फ्लॉपीत मात्र ट्रॅक ० सगळ्यात बाहेरचा आणि ७९ सगळ्यात आतला.

कारखान्यातून येते तेव्हा तबकडी कोरी असते. प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर चुंबकीय लेप, बस. विकत मिळणाऱ्या बऱ्याच फ्लॉपी आधीच फॉरमॅट केलेल्या असायच्या पण तो फॉरमॅटही असाच हेडने (ड्राइव्हचं वाचणारं-लिहिणारं टोक) लिहिलेला, आखणी अशी काही नसतेच. वर्तुळ कुठे येणार हे पूर्णपणे ड्राइव्हवर. स्टेपर मोटर एका पावलाला हेड एक ट्रॅक सरकवते, ३.५ इंचीमध्ये ते पाऊल ०.१८७५ मिलिमीटरचं, म्हणजे इंचाला १३५ ट्रॅक. मोजायची सुरुवात करायला ट्रॅक ० ला एक सेन्सर असतो, तिथपर्यंत हेड मागे आणायचं आणि मग पावलं मोजत जायचं. मध्ये कुठे चुकलं का ते तपासायला वेगळं यंत्र नाही, म्हणून तर प्रत्येक पत्त्यात ट्रॅकचा नंबर लिहिलेला असतो. कंट्रोलर ट्रॅक ४१ मागतो आणि पत्त्यात ४० वाचतो तेव्हा त्याला कळतं की हेड चुकीच्या जागी थांबलंय.

---

खटपट्या

मस्त धागा. ए१ बद्दल सविस्तर लिहितो कारण माझ्या दृष्टीने सगळी गंमत तिथेच आहे, थोडं लांबेल.

तबकडीवर ० आणि १ असं काही नसतं. चुंबकत्वाची दिशा उलटते ती जागा हेडला कळते, तेवढंच. दिशा उलटली की एक पल्स. दोन पल्समध्ये किती वेळ गेला यावरून बिट ओळखायचे. आता समजा ओळीने शंभर शून्यं आली आणि शून्याला पल्सच नसेल तर मोजणार कसं, कारण मोटरचा वेग थोडासा कमीजास्त होत राहतो आणि शंभराच्या जागी नव्याण्णव मोजले जातील. म्हणून डेटासोबत घड्याळही लिहावं लागतं.

पहिली पद्धत एफएम. प्रत्येक बिटच्या आधी एक क्लॉक पल्स, मग बिट १ असेल तर आणखी एक पल्स. सोपं पण अर्धी जागा घड्याळातच जाते. आयबीएमची १९७३ ची ३७४० ची ८ इंची फ्लॉपी अशी होती, ७७ ट्रॅक, २६ सेक्टर, प्रत्येकी १२८ बाइट.

मग आली एमएफएम. नियम एवढाच की क्लॉक पल्स फक्त दोन शून्यांच्या मध्ये टाकायचा, आजूबाजूला १ असेल तर टाकायचा नाही कारण त्या १ चा पल्स आहेच वेळ सांगायला. यामुळे दोन पल्स कधीच फार जवळ येत नाहीत आणि तेवढ्याच लेपावर दुप्पट डेटा मावतो, डबल डेन्सिटी म्हणतात ती हीच. एचडी फ्लॉपीत दोन पल्समधलं अंतर फक्त तीनपैकी एक असतं, २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद. चौथं अंतर नाहीच.

आता अडचण बघा. हेड ट्रॅकवर कुठेही उतरतं आणि पल्स येत राहतात. बाइट कुठे सुरू होतो? इतकंच काय, हा पल्स क्लॉकचा की डेटाचा हेसुद्धा माहीत नाही. सगळी शून्यं लिहिली तर २-२-२-२ असे पल्स येतात आणि सगळे १ लिहिले तरी २-२-२-२ च येतात, फरक फक्त अर्ध्या बिटने सरकलेले असण्याचा. त्या १२ बाइट शून्यांमधून कंट्रोलरला वेग पकडता येतो, पण बाइटची सीमा त्याला कळत नाही.

इथे ए१ कामाला येतो. ए१ म्हणजे १०१००००१. नियमाप्रमाणे लिहिला तर पल्समधली अंतरं ४, ३, २, २, ३ येतात. पण खुणेसाठी लिहिताना मधल्या चार शून्यांमधला एक क्लॉक पल्स मुद्दाम गाळतात, मग अंतरं होतात ४, ३, ४, ३. प्रत्येक अंतर २ ते ४ च्या आतच आहे म्हणजे हेडला आणि लेपाला काही जड नाही, पण हा क्रम नियम पाळणाऱ्या कुठल्याही डेटातून कधीच तयार होत नाही, अर्धा बिट सरकवून बघितलं तरी नाही. तुम्ही फाइलमध्ये हजार वेळा ए१ लिहा, तो पूर्ण क्लॉकसकट लिहिला जाईल आणि कंट्रोलर त्याला खूण समजणार नाही.

सोळा अर्धबिटांचा हा क्रम हेक्समध्ये ४४८९ असा दिसतो, फ्लॉपीवर काम करणाऱ्याला हा आकडा झोपेतही आठवतो. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या ट्रॅकच्या सुरुवातीच्या खुणेत ए१ ऐवजी सी२ असतो, त्याचाही एक क्लॉक गाळलेला, पण सी२ चा क्रम साध्या डेटात सरकलेल्या अवस्थेत येऊ शकतो, म्हणून सेक्टर शोधायला त्याच्यावर कोणी विसंबत नाही.

---

रात्रपाळी

खटपट्या, +१. इतकी वर्षं ४४८९ बघतोय, का ते आज नीट कळलं.

---

निळीशाई

हे फारच सुंदर आहे. डेटामध्ये जे येऊच शकत नाही तेच खूण म्हणून वापरायचं!

पण मग १०८ बाइटची मोकळी जागा कशाला? खुणा इतक्या पक्क्या आहेत तर सेक्टर एकाला एक चिकटून का नाही लिहीत? दर सेक्टरला १०८ म्हणजे ट्रॅकवर जवळजवळ दोन हजार बाइट वाया.

---

शून्यमार्ग

वाया नाही हो, तीच तर फ्लॉपीची जान आहे.

असं बघा, तुम्ही एका ड्राइव्हमध्ये फ्लॉपी फॉरमॅट केली आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तिच्यावर लिहिलं. ड्राइव्हच्या वेगात साधारण दीड टक्का इकडेतिकडे चालतं असं धरतात. म्हणजे एक ड्राइव्ह दीड टक्का जलद आणि दुसरा दीड टक्का हळू असेल तर दोघांत ३ टक्क्यांचा फरक. लिहिताना कंट्रोलर आधी पत्ता वाचतो, तोच हवा होता हे कळलं की २२ बाइटची जागा जाऊ देतो (तेवढ्यात वाचन बंद करून लेखन चालू करायचं असतं) आणि मग शून्यं, खूण, ५१२ बाइट, सीआरसी असं सगळं मिळून ५३० बाइटचा तुकडा नव्याने लिहितो. ३ टक्क्यांनी तो तुकडा १६ बाइट लांब होऊ शकतो. मागे मोकळी जागा नसती तर या सेक्टरच्या शेपटीने पुढच्या सेक्टरचा पत्ताच पुसला असता, आणि पत्ता गेला की तो सेक्टर गेला, पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत. शिवाय लेखन जिथे बंद होतं तिथे अर्धवट पल्सचा कचरा राहतो, तोही या मोकळ्या जागेतच पडला पाहिजे.

आणखी एक हिशेब मला फार आवडला. ट्रॅकच्या शेवटी उरलेले ७८ आणि शेवटच्या सेक्टरमागचे १०८ मिळून १८६ बाइट. १२,५०० च्या दीड टक्का किती? १८७.५. म्हणजे फॉरमॅट करणारा ड्राइव्ह दीड टक्का जलद फिरत असेल, ट्रॅकवर तेवढे बाइट कमी मावत असतील, तरी अठरावा सेक्टर जेमतेम संपतो आणि इंडेक्स पल्स येतो. १८ सेक्टर हा आकडा कसा काठाकाठाने बसवलाय ते यातून दिसतं.

---

रात्रपाळी

म्हणूनच डीएमएफ फ्लॉपीवर लिहायला गेलं की गोंधळ व्हायचा बहुतेक. मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअर वाटायला त्या वापरायची, २१ सेक्टरवाल्या, १७,२०,३२० बाइट मावायचे.

---

शून्यमार्ग

अगदी बरोबर धरलंत. १२,५०० मधून १४६ वजा करा, २१ ने भागा, एका सेक्टरला ५८८ बाइट येतात. त्यातले ५७४ पत्ता, माल आणि मधल्या जागेत गेले, म्हणजे सेक्टरमागे १४ च्या वर जागा उरूच शकत नाही. आणि वरच्या हिशेबात दोन ड्राइव्हमधला फरक १६ बाइटपर्यंत जातो. एकदाच पूर्ण ट्रॅक लिहून वाटायला ठीक, वाचायला काहीच अडचण नाही, पण मध्येच एखादा सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बदलायला गेलात तर शेजाऱ्याचा पत्ता धोक्यात.

---

खटपट्या

आमिगा या संगणकाने याच्यावर वेगळाच तोडगा काढला होता. तिथे सेक्टर एकेकटा लिहायचाच नाही, बदल एका बाइटचा असला तरी पूर्ण ट्रॅक मेमरीत घ्यायचा, बदलायचा आणि पूर्ण ट्रॅक परत लिहायचा. मग सेक्टरांमध्ये मोकळ्या जागेची गरजच नाही. म्हणून ज्या डीडी (डबल डेन्सिटी) फ्लॉपीवर पीसी ९ सेक्टर म्हणजे ७२० केबी बसवायचा त्याच फ्लॉपीवर आमिगा ११ सेक्टर, ८८० केबी. खूण तीच, ४४८९, पण आतली मांडणी वेगळी, बाइटमधले विषम बिट एकीकडे आणि सम बिट दुसरीकडे असं लिहायचे, त्यामुळे पीसीच्या नेहमीच्या कंट्रोलरला ती फ्लॉपी वाचताच येत नाही.

---

कणकण

मला वर्तुळांच्या लांबीबद्दल विचारायचंय. बाहेरचा ट्रॅक लांब, आतला आखूड, तरी दोन्हीवर १८च सेक्टर. मग बाहेरची जागा फुकट नाही का जात?

---

शून्यमार्ग

जाते. ३.५ इंचीमध्ये पहिल्या बाजूच्या ट्रॅक ० ची त्रिज्या ३९.५ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण २४८ मिलिमीटर. ट्रॅक ७९ ची त्रिज्या २४.७ च्या आसपास, घेर १५५. बिट दोन्हीकडे तेवढेच, त्यामुळे जवळात जवळचे दोन पल्स बाहेर सुमारे २.५ मायक्रोमीटरवर असतात आणि आत दीड मायक्रोमीटरवर. दुसऱ्या बाजूचं हेड दीड मिलिमीटर आणखी आत असतं, तिथे तर अजून दाटी.

इतक्या जवळ आले की पल्स एकमेकांना ढकलतात, वाचताना शिखरं जराशी सरकलेली दिसतात. त्यासाठी आतल्या ट्रॅकवर लिहिताना कंट्रोलर काही पल्स मुद्दाम किंचित आधी किंवा नंतर टाकतो म्हणजे वाचताना ते बरोबर जागी दिसावेत. फ्लॉपीची क्षमता ठरते ती सगळ्यात आतल्या ट्रॅकवर किती दाटी चालेल त्यावरून, बाहेरच्याला मग आपोआप ऐसपैस जागा मिळते.

---

खटपट्या

पण सगळ्यांनी ही जागा सोडून दिली नव्हती. कमोडोर १५४१ या ड्राइव्हमध्ये ३५ ट्रॅक, बाहेरच्या १७ ट्रॅकवर २१ सेक्टर, मग ७ वर १९, मग ६ वर १८ आणि आतल्या ५ वर १७. एकूण ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट. मोटर एकाच वेगाने फिरते, फक्त बिट लिहायचा वेग बदलतात.

ॲपलच्या मॅकने उलट केलं. बिटांचा वेग तोच ठेवला आणि मोटरचा वेग बदलला, साधारण ३९० पासून ५९० फेऱ्यांपर्यंत. १६-१६ ट्रॅकचे पाच पट्टे, त्यांत १२, ११, १०, ९, ८ सेक्टर. एका बाजूला ८०० सेक्टर, म्हणजे ४०० केबी. हेड आत जाताना मोटरचा सूर बदललेला ऐकू येतो.

या दोघांनीही एमएफएम वापरलं नव्हतं, जीसीआर होतं, त्यात क्लॉक वेगळा न लिहिता काही बिटांच्या गटाला आधीच ठरवलेला थोडा मोठा गट देतात ज्यात फार शून्यं ओळीने येत नाहीत. ॲपलच्या वोझनियाकने १९७८ च्या डिस्क २ ड्राइव्हसाठी हेच वापरलं आणि इंडेक्सचं छिद्रसुद्धा वाचलं नाही, सगळं सॉफ्टवेअरने शोधायचं. हार्डवेअर इतकं कमी ठेवून एवढं काम करून घेणं, मला तर ती आजही सगळ्यात देखणी ड्राइव्ह वाटते.

---

कणकण

धन्यवाद दोघांनाही. अवांतर: छिद्रांवरून आठवलं, काही जुन्या ५.२५ इंची फ्लॉपींना मधल्या गोलाजवळ एकच छिद्र असतं आणि काहींना दहा-बारा असतात, ते काय?

---

शून्यमार्ग

अवांतर नाही, याच विषयातलं आहे. ज्यांना खूप छिद्रं त्या हार्ड सेक्टर फ्लॉपी, ५.२५ इंचीमध्ये १० किंवा १६ सेक्टरची छिद्रं आणि एक जास्तीचं इंडेक्सचं. प्रत्येक छिद्र म्हणजे एका सेक्टरची सुरुवात, त्यामुळे पत्त्याच्या खुणा वगैरे फार लिहायला नको, पण सेक्टर किती हे फ्लॉपी पाडतानाच ठरून गेलं. एकच छिद्र असेल ती सॉफ्ट सेक्टर, वर आपण जे बोलतोय ते सगळं तिचंच. आणि म्हणूनच तिच्यावर ८, ९, १५, १८, २१ असे वेगवेगळे प्रयोग होऊ शकले. ३.५ इंचीला छिद्रही नाही, मधल्या धातूच्या चकतीला चौकोनी खाच असते, तिच्यात मोटरची खुंटी अडकते आणि त्यावरून फेरा सुरू कुठे झाला ते कळतं.

---

रात्रपाळी

माझ्याकडे ३६० केबीच्या फ्लॉपींचा एक गठ्ठा आहे, घरच्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये व्यवस्थित वाचता येतात पण जुन्या ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये मध्येच सेक्टर सापडत नाहीत. फ्लॉपी खराब म्हणावी तर एकीकडे वाचतेय ना. काय असेल?

---

खटपट्या

१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये कधीतरी त्यांच्यावर लिहिलं गेलंय, हे जवळजवळ नक्की.

३६० केबीचा ड्राइव्ह इंचाला ४८ ट्रॅक टाकतो, १.२ एमबीचा ९६. म्हणजे दुसऱ्याचं हेड साधारण निम्म्या रुंदीचं. तो ड्राइव्ह दोन-दोन पावलं टाकून ४० ट्रॅकची फ्लॉपी वाचतो, वाचायला काहीच अडचण नाही. पण लिहिताना जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध अरुंद पट्टा लिहितो आणि दोन्ही कडांना जुना डेटा तसाच राहतो. अरुंद हेडला फक्त नवीन दिसतं. रुंद हेडला नवीन आणि जुनं एकदम दिसतं आणि पल्सची खिचडी होते. तुमच्या फ्लॉपी ठीक आहेत, त्या १.२ एमबीमध्येच वाचून घ्या.

---

रात्रपाळी

पटलं. म्हणजे ज्या ड्राइव्हने लिहिलं त्यानेच वाचलेलं बरं.

---

निळीशाई

आता शेवटचा प्रश्न, माझ्या कामाचा. काही ३.५ इंची फ्लॉपी आहेत ज्यांची यादीच दिसत नाही, संगणक सरळ म्हणतो फॉरमॅट करा. पण फ्लॉपीवर ओरखडा एकच, तोही अगदी कडेला. एवढ्याशाने सगळीच्या सगळी कशी गेली?

---

शून्यमार्ग

फॉरमॅट अजिबात करू नका!! फॉरमॅट म्हणजे वर सांगितलेले पत्ते, माल, सगळं नव्याने लिहिणं, मग काहीच उरणार नाही.

कडेला ओरखडा म्हणजे ट्रॅक ०. आणि डॉसच्या फ्लॉपीत सगळा कारभार ट्रॅक ० वर असतो. सेक्टर ओळीने मोजले, शून्यापासून, तर ० म्हणजे बूट सेक्टर, १ ते ९ पहिली फॅट (कुठली फाइल कुठल्या सेक्टरांत आहे त्याचा तक्ता), १० ते १८ दुसरी फॅट म्हणजे त्याचीच प्रत, १९ ते ३२ फाइलींची यादी, आणि ३३ पासून खरा डेटा. मोजणी अशी चालते की एका बाजूचे १८ संपले की हेड न हलवता दुसरी बाजू, तिचे १८ संपले की मगच पुढचा ट्रॅक. म्हणजे बूट सेक्टर, पहिली फॅट आणि दुसरीचा बहुतेक भाग ट्रॅक ० च्या एका बाजूवर, तर दुसरीचा शेवटचा सेक्टर आणि पूर्ण यादी त्याच ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूवर. फॅटची प्रत ठेवली पण शेजारीच ठेवली, हे मला या मांडणीतलं सगळ्यात कच्चं काम वाटतं. कमोडोरने यादी मधल्या ट्रॅक १८ वर ठेवली होती, हेडची धावपळ कमी व्हावी म्हणून, आणि कडेच्या ओरखड्यापासूनही ती वाचायची.

चांगली बातमी ही की तुमच्या फाइली ट्रॅक १ ते ७९ वर बहुधा जशाच्या तशा आहेत. छोट्या रिकाम्या फ्लॉपीवर एकदाच कॉपी केलेल्या फाइली सहसा सलग सेक्टरमध्ये असतात, यादी नसली तरी फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून त्या उचलता येतात.

---

खटपट्या

निळीशाई ताई, यात थोडी भर.

आधी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून तबकडी हाताने फिरवून दोन्ही बाजूंनी बघा. पांढरट डाग म्हणजे बुरशी, ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि तेच हेड मग पुढच्या चांगल्या फ्लॉपींनाही ओरखडे पाडतं. प्रत्येक संशयास्पद फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मग साध्या यूएसबी ड्राइव्हवर फार वेळ घालवू नका, तो फक्त सेक्टर देतो, सीआरसी चुकला की हात वर करतो. ग्रीजवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं उपकरण जुन्या ३४ पिनच्या ड्राइव्हला लावलं की ते सेक्टर वगैरे काही न बघता नुसती पल्समधली अंतरं नोंदवतं, एका ट्रॅकचे पाच-सहा फेरे घ्या. मग सॉफ्टवेअर त्यातून ४४८९ शोधून सेक्टर काढतं, एका फेऱ्यात बिघडलेला सेक्टर दुसऱ्या फेऱ्यात सीआरसीला बरोबर निघतो आणि सगळे तुकडे जोडून पूर्ण प्रत तयार होते. फ्लॉपी पुन्हा पुन्हा फिरवायची गरजही राहत नाही, पुढचं सगळं त्या नोंदीवर.

---

निळीशाई

समजलं, बुरशी बघते आधी. एका फ्लॉपीवर "सेक्टर सापडत नाही" येतं आणि दुसरीवर "डेटा एरर", या दोघींत जास्त आशा कुठली?

---

शून्यमार्ग

दुसरी. डेटा एरर म्हणजे पत्ता वाचला, त्याचा सीआरसी जुळला, खूण मिळाली, ५१२ बाइटही आले, फक्त त्यांचा सीआरसी जुळला नाही. कदाचित एखादाच पल्स इकडचा तिकडे झालाय. सेक्टर सापडत नाही म्हणजे पत्ताच वाचता आला नाही, माल शेजारी धडधाकट असू शकतो पण साधा कंट्रोलर तिथपर्यंत जाणारच नाही. अशा वेळी खटपट्यांनी सांगितलेली पल्सची नोंद उपयोगी पडते, कारण पत्ता गेला तरी मालाच्या आधीचे तीन ए१ आणि एफबी दिसतात, आणि आधीचा सेक्टर ७, नंतरचा ९ असेल तर मधला ८ हे आपल्याला कळतंच. एक काळजी घ्या, जुन्या फ्लॉपीवर सेक्टर ओळीनेच असतील असं नाही, पुढच्या नंबरचा सेक्टर एक जागा सोडून मांडणारे फॉरमॅटही होते, आणि डीएमएफ त्यातलंच. तेव्हा आधी एखादा चांगला ट्रॅक काढून क्रम बघा आणि मग बिघडलेल्याला नंबर द्या.

डेटा एररवाली आधी घ्या, आणि नोंद झाली की कुठले सेक्टर राहिले त्याची यादी इथे टाका, बघू.